लांबी

शिडी सरकली तेव्हा 'हार्डवेअर'चा ह काढून झाला होता,
काना बाकी.
तेवढ्यात खानापूरचा स्टेशन रोड
माझ्या हनुवटीला येऊन भिडला.

बेळगावला फोटो काढला. जबड्याच्या डाव्या अंगाला
बारीक काळी रेघ, वाकडीतिकडी,
नकाशावर कुणी घाईत ओढावी तशी.
पट्टी बसवली, स्क्रू मारले, दातांना तारा.
दोन महिने तोंडाला कुलूप,
रेघ काही बुजेना.

"हाड आळस करूलालंय," द्रौपदा शेजारच्या खाटेला सांगायची.
मी पाटीवर लिहायचो : चहा. उशी. पंखा.
दुंडव्वाला मराठी वाचता येत नसे,
तिच्यासाठी खाली कानडीत, जरा गोल वळणाने.
"अक्षर चलो अदाव," ती म्हणायची,
मग आणायची चहा, नळी घालून.

डॉक्टर गिरिजा हुलमनींनी संमतीचा कागद पुढे केला.
'जबडा' दोनदा चुकला होता त्यात.
आधी ते दुरुस्त केलं, मग सही : लुमाण्णा पेंटर.

कमरेच्या हाडातून थोडी मज्जा काढू, त्या म्हणाल्या.
(हाडात मज्जा! तारांआड हसू आलं, दुखलं.)
त्यातल्या काही पेशी अशा असतात,
स्टेम सेल, मूळपेशी,
की त्यांनी अजून ठरवलेलं नसतं, आपण काय व्हायचं.
त्या फटीत सोडायच्या, हाडाच्या चुऱ्यात कालवून.
"लौकर भरंल असं वाटतंय. नक्की म्हणत नाही मी.
तुम्ही अकरावे."

ठरवलेलं नसतं.
रात्रभर मी हे धरून पडलो.
चाळीस वर्षं ठरवूनच लिहीत आलोय :
कुठली भाषा वर, कुठली खाली, कुणाची किती इंच.
नियम बदलला की पांढरा हात मारून पुन्हा;
बाजारात एकेका फळीवर चार चार थर, सगळे माझेच.
शाळेत, रेशनला, शिरगणतीला
मातृभाषेची ती चौकट.
आणि ह्याच कमरेत, जिच्यावर हात ठेवून मी शिडी उचलायचो,
कुणीतरी छप्पन वर्षं बसून होतं
पाटी न लावता.

भूल होती, तरी ओढ कळली,
खोल विहिरीतून दोर वर घ्यावा तशी.
फिरवून आणलेली नळी मला दाखवली त्यांनी.
तळाला दाट लाल, वर पिवळट पाणी,
मध्ये पापुद्र्याएवढा पांढुरका थर :
उन्हाळाभर झाकून ठेवलेला इनॅमलचा डबाच.
आम्ही असला डबा ढवळून घेतो.
त्यांनी ढवळला नाही.
तेवढा मधला थर अलगद उचलला.

भेगांत लांबी भरण्यात माझा जन्म गेला.
लांबी कधी भिंत होत नाही,
पुढच्या वर्षी तिथंच चीर पडते
आणि गिऱ्हाईक मला शोधत येतं.

पाचव्या आठवड्याला रेघ धुरकट झाली.
आठव्याला शोधावी लागली.
'त्यांच्यामुळेच काय?' मी पाटीवर विचारलं.
"बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. मग जरा थांबून,
"अजून मोजूलालोय आम्ही."

तारा काढल्या त्या दिवशी म्हणाल्या, आ करा.
मी केलं.
दारात उभ्या दुंडव्वानेही केलं,
लेकराला भरवताना करतात तसं, तिच्याही नकळत.
द्रौपदाने कुंदा आणला होता.
चावण्यासारखं काय असतं कुंद्यात,
तरी मी चावत राहिलो.

जबडा आता दुखत नाही.
दुखते ती कंबर, थंडीत, जिथून काढलं तिथं.
शिडीवर पाय टाकण्याआधी
त्या बाजूला विचारून घेतो.

हार्डवेअरवाल्याने मधल्या काळात फ्लेक्स लावलाय.
वारा आला की कोपरा उचलतो,
खाली माझा ह दिसतो,
तोंड उघडं.